कवडीची पिसं

एका डोंगरपायथ्याच्या गावात ठकू नावाची एक बाई राहायची. मनाने निर्मळ, हाताने उदार, पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही. भात चुलीवर चढवला की शिजला का बघायला दहा वेळा झाकण काढायची. लसूण लावला की तिसऱ्या दिवशी उकरून बघायची, कोंब आला का म्हणून. तिचा नवरा सांगायचा की लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आतच हिने हार घालून टाकला होता. सारं गाव त्यावर हसायचं आणि ठकूही हसायची.

तिच्या घराला लागूनच वेणूचं घर होतं. मध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण, आणि दोघींच्या जाण्यायेण्याने त्या कुंपणाला पडलेली एक वाट. एकीचं मीठ संपलं की दुसरीच्या बरणीत हात जायचा. ठकूचं तोंड दिवसभर चालू असायचं. वेणू मात्र कमी बोलणारी, विचारलं तर सांगणारी. पंधरा वर्षं झाली होती, पण दोघींत कधी कडू शब्द आला नव्हता.

ठकूचा खरा जीव होता तो तिच्या कोंबड्यांवर, आणि त्याला कारणही तसंच होतं. लग्न होऊन ती सासरी निघाली तेव्हा आईने एका डालग्यात कोंबडी घालून दिली होती. कवड्या रंगाची, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पुढे आई गेली. माहेरचं घर भावकीच्या हातात गेलं, आणि ‘ये गं बाई’ म्हणणारं तिथे कुणी उरलं नाही. उरली ती फक्त आईच्या कोंबडीची जात. तिच्याही शेवटी दोनच कोंबड्या राहिल्या होत्या, ढवळी आणि कवडी.

आता त्या दोघींचं ठकूने काय केलं ते आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

एका वर्षी ढवळीची पिसं झडायला लागली. आधी मान उघडी पडली, मग पाठ, मग शेपटीचंही एकेक पीस अंगणात पडायला लागलं. अंडी तर कधीच बंद झाली होती. हिला काहीतरी रोग झाला, आता कवडीलाही लागणार, असं ठकूने मनाशी ठरवूनच टाकलं. वेणूने सांगून पाहिलं की हा रोग नाही, वर्षातून एकदा कोंबडी अंगावरची पिसं टाकते, जुनी गेल्याशिवाय नवी यायची कुठून, महिना-दीड महिना थांब. पण महिना-दीड महिना हे शब्द ठकूच्या कानाला परके होते. संध्याकाळी ढवळी पातेल्यात गेली. साफ करताना तिच्या पोटात मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या पिवळ्या दाण्यांचा घोसच्या घोस निघाला. ती सगळी पुढच्या हंगामाची अंडी होती. त्या रात्री ठकू जेवली नाही.

मग राहिली एकटी कवडी. एक दिवस ती खुडूक झाली. खुडूक झाली म्हणजे अंडी घालायचं सोडून तिला अंडी उबवायची ओढ लागली. रिकाम्या टोपलीतसुद्धा अंग फुगवून बसायची, कुर्र कुर्र करायची, जवळ गेलं की चोच मारायची. त्या गावात ह्याच्यावर एक ठरलेला इलाज होता. कोंबडीला गार पाण्यात बुचकळायचं आणि तिचंच एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालून सोडून द्यायचं. त्या त्रासाने ती बसायची विसरते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते. गावातल्या सगळ्याच बायका हे करत. वेणू म्हणाली होती, बसू दे तिला, पिल्लं होतील, तुझ्या आईची जात वाढेल. पण ठकूकडे पाहुणे यायचे होते आणि अंडी हवी होती. पिल्लं काय, पुढच्या वेळी बघू, असं म्हणत तिने पीस घातलंच. बिचारी कवडी आठ दिवस नाकात आडवं पीस घालून अंगणभर फिरत होती.

तर ही झाली मागची गोष्ट. आता पुढचं ऐका.

त्यानंतरच्या वर्षी कवडीने खुराड्यात अंडं घालायचंच सोडलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले पंधरा दिवस. ठकू रोज सकाळी खुराड्यात हात घालायची आणि रिकामा हात बाहेर काढून कवडीला चार शब्द सुनवायची. आणि मग वद्य अष्टमीच्या संध्याकाळी कवडी घरी परतलीच नाही.

ठकूने सगळं गाव पालथं घातलं. ओढा पाहिला, गोठे पाहिले, देवळामागची करवंदीची जाळी पाहिली. तीन दिवस तिच्या घशाखाली नीट घास उतरला नाही. ही नुसती कोंबडी हरवली नव्हती, आईची शेवटची खूण हरवली होती. येईल त्याला ती रडत हेच सांगत होती.

चौथ्या दिवशी दुपारी वेणूच्या घरातून रश्श्याचा वास आला. खोबरं भाजल्याचा, लसूण वाटल्याचा, चांगला झणझणीत कोंबडीच्या रश्श्याचा वास. ठकू ताडकन उठली आणि कुंपणाच्या वाटेने पलीकडे गेली. वेणूच्या अंगणात बाभळीच्या सरपणाची मोठी रास होती, पुरुषभर उंच. त्या राशीच्या पायाशी वाऱ्यावर भुरभुरत होती पिसं. मऊ, बारीक, पोटाकडची पिसं. पांढरी, काळ्या ठिपक्यांची.

ठकूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग तिच्या तोंडून जे निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही. वेणू बाहेर आली. भाऊ आलाय, घरचा तांबडा कोंबडा कापलाय, असं ती सांगत होती, पण ऐकतो कोण. गल्लीतल्या बायका जमल्या, गडीमाणसं जमली. ठकू म्हणाली की ह्या राशीच्या आड कवडीची बाकीची पिसं आणि पाय पुरले असणार, आणि ती लाकडं ओढायला धावली. तशी वेणू दोन्ही हात पसरून राशीपुढे आडवी उभी राहिली.

“काय बोलायचं ते मला बोल, ठकू,” ती म्हणाली. “ह्या लाकडांना मात्र कुणी हात लावायचा नाही.”

झालं! एवढं ऐकल्यावर कुणाला संशय यायचा राहतो? लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ठकूच्या बाजूने नव्हते तेही आता ठकूच्या बाजूने झाले. प्रकरण गेलं खंडोबाच्या देवळापुढे, पाटलांकडे.

पाटील वयस्कर होते आणि घरांच्या झडत्या घेणं त्यांना आवडत नसे. त्यांनी वेणूला सरळ विचारलं की बाई, बेलभंडारा उचलून शपथ घेशील का? त्या गावात एकदा बेलभंडारा हातात घेतला की पुढे प्रश्न नसायचा. खंडोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून खोटं बोलण्याची छाती आजवर कुणाची झाली नव्हती.

वेणूने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, “घेते. पण पौर्णिमेला. त्या दिवशी सरपणाची रासही सगळ्यांसमोर उपसा. तोवर तिला कुणी शिवलं तर मी हे गाव सोडून जाईन.”

पौर्णिमेला अठरा दिवस होते. ठकूचा तर तिळपापड झाला. अठरा दिवसांत पुरावा काय जागेवर राहतो? पण पौर्णिमा हा देवाचा दिवस, त्याला नाही कोण म्हणणार. पाटलांनी दोघींकडून वचन घेतलं. वेणूने शपथ घ्यायची आणि ठकूने तोवर राशीला हात लावायचा नाही. दोघींच्या कपाळाला भंडारा लागला. ठकू मात्र जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीच, “माझी कवडी जिवंत निघाली ना, तर वर्षभर हिच्या घरी पाणी भरीन.”

आणि मग ते अठरा दिवस सुरू झाले. ठकूच्या आयुष्यात एवढे लांब दिवस कधी आले नव्हते.

गावाने वेणूला वाळीत टाकलं नाही, पण त्याच्यासारखंच केलं. विहिरीवर ती आली की बोलणं थांबायचं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. ठकूने कुंपणाची वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली आणि फांद्यांच्या फटीतून मात्र दिवसभर पलीकडे पाहत राहिली. जे दिसत होतं त्याने तिचं डोकं आणखी भणभणायचं. अंगणात एवढं सरपण असून वेणू त्यातलं एक लाकूड चुलीत घालत नव्हती. उन्हातान्हात ओढ्याकाठी जाऊन काटक्या गोळा करून आणायची. आणि रोज दुपारी, भर बाराला, एक वाटी नि एक पाण्याची करवंटी घेऊन राशीच्या मागे जायची, थोडा वेळ बसायची, परत यायची. ठकूने नवऱ्याला सांगितलं की बघा, पापाने हिला झोप लागत नाही, माझ्या कवडीच्या आत्म्याला नैवेद्य दाखवतेय. नवरा म्हणाला की कोंबडीच्या आत्म्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. ठकू त्याच्याशीही दोन दिवस बोलली नाही.

तरी पंधरा वर्षांची सवय अशी थोडीच सुटते. एकदा तिच्या हातून ताक सांडलं आणि ती ‘अगं वेणू’ म्हणत कुंपणाकडे वळली. काटेरी फांद्या दिसल्या तेव्हा तिला आठवलं. आपण कोंबडीसाठी रडतोय की वेणूसाठी, हे तिचं तिलाच त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं.

पौर्णिमेला चार दिवस राहिले. त्या सकाळी वेणू काटक्यांना ओढ्यावर गेली होती. गल्ली सुनसान होती. ठकूला राहवेना. तिने फांद्या बाजूला सारल्या, पलीकडे गेली, राशीपाशी उभी राहिली आणि वरच्या लाकडावर हात ठेवला. एक हिसका दिला असता तर सगळं कळलं असतं! आजवर तिने कुठल्या भांड्याचं झाकण काढल्यावाचून ठेवलं नव्हतं, कुठला लसूण उकरल्यावाचून सोडला नव्हता. हात अजून लाकडावरच होता.

तेवढ्यात तिचा दुसरा हात घाम पुसायला कपाळावर गेला आणि तिला देवळापुढचा भंडारा आठवला. वचन वेणूने दिलं होतं तसं आपणही दिलं होतं. चोर ती असेल, पण शब्द मोडणारी आपण का व्हायचं? आणि चारच दिवस तर राहिले होते. ठकूने हात काढला. घरी आली आणि त्या तावात घरातली सगळी भांडी राखेने घासून लख्ख केली, घासलेली होती तीसुद्धा पुन्हा.

उजाडली एकदाची पौर्णिमा.

देवळापुढे ही गर्दी! शेतावर जाणारे गेले नाहीत, बाजाराला निघालेले अर्ध्या वाटेवरून परतले. पाटलांनी ताटात बेल आणि भंडारा घेतला. वेणू आली, धुतलेलं लुगडं नेसून. तिचा चेहरा उतरला होता, पण डोळे असे चमकत होते की बायकांत कुजबुज झाली. ती पाटलांना म्हणाली की शपथ घेते, पण आधी माझ्या अंगणात चला आणि रास उपसायची ती मी माझ्या हाताने उपसेन. सगळं गाव तिच्या मागे निघालं. ठकू तर पाटलांच्याही पुढे होती.

वेणूने सगळ्यांना दहा पावलं लांब उभं केलं आणि गप्प राहायला सांगितलं. मग ती एकेक लाकूड उचलायला लागली, झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं हळू. एक लाकूड, दुसरं, पाचवं, दहावं. ठकूने पदराचं टोक दातात धरलं होतं. आणि तेव्हा आतून आवाज आला.

कुर्र.

वेणूने आणखी एक लाकूड बाजूला केलं. राशीच्या पोटात एक बिळासारखी जागा होती, आणि तिथे पिसांच्या गादीवर अंग फुगवून बसली होती कवडी. जिवंत! पोटाची पिसं तिने स्वतःच्या चोचीने उपटून खाली अंथरली होती. तिने मान उंच करून गर्दीकडे असं रागाने पाहिलं की पुढे उभे असलेले चार जण मागे सरकले. मग तिच्या पंखाखालून एक डोकं बाहेर आलं, पिवळं, ओलसर, मिटमिट डोळ्यांचं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. पाठीवरून एक घसरलं. चिवचिवाटाने अंगण भरून गेलं आणि पोरं मोजायला लागली, पाच, सहा, सात, आठ, नऊ! अकरा अंड्यांतली नऊ फुटली होती. त्यांतल्या सहांच्या पिवळ्या अंगावर पांढरे-काळे ठिपके होते.

ठकू मटकन खाली बसली. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही एकदमच येत होतं. आईची एक कोंबडी हरवली म्हणून ती इतके दिवस जळत होती, आणि इथे आईची सगळी जात तिच्यासमोर चिवचिवत उभी होती. पाटलांच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मग वेणूने सगळं सांगितलं. कवडी पंधरा दिवस अंडी तिथेच घालत होती आणि अष्टमीला बसली, हे तिला भांडणाच्या आदल्या दिवशी लाकूड काढताना कळलं. एकवीस दिवस मोजले तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिल्लं निघायची. उठवलं असतं तर कोंबडी पुन्हा बसली नसती. रास हलवली असती तर लाकडं तिच्यावर कोसळली असती. म्हणून सरपण तसंच ठेवलं, रोज दुपारी कण्या नि पाणी राशीमागे नेऊन ठेवलं. काल दुपारी आतून चिवचिव ऐकू आली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

ठकूने मान वर केली. “मला का नाही सांगितलंस गं? साऱ्या गावाच्या शिव्या खाल्ल्यास.”

वेणूने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तू थांबली असतीस?”

ठकूला पातेल्यातली ढवळी आठवली, ते पिवळे दाणे आठवले, कवडीच्या नाकातलं आडवं पीस आठवलं. गर्दीतल्या बायकांनीही माना खाली घातल्या, कारण पीस काही एकट्या ठकूने घातलं नव्हतं. ठकू उठली, भरल्या गावासमोर वेणूच्या पाया पडायला वाकली, आणि वेणूने तिला मध्येच धरून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वेणूच्या दारात ठकू घागर घेऊन हजर. बोलल्याप्रमाणे पाणी भरायचं होतं ना! वेणूने तिला नको म्हटलं नाही, एक खेप भरू दिली. बोललेला शब्द एकदा तरी खरा झालेला बरा, असं तिचं मत होतं. दुसऱ्या खेपेला मात्र तिने स्वतःची घागर उचलली आणि दोघी बरोबर विहिरीवर गेल्या. कुंपणाच्या वाटेतल्या काटेरी फांद्या त्या दिवशी ठकूच्या चुलीत जळाल्या. पिल्लं मोठी झाल्यावर ठिपक्यांची पहिली जोडी वेणूच्या खुराड्यात गेली, हे सांगायला नकोच.

आता एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दोन-अडीच महिने गेले, पिल्लं आपापली दाणे टिपायला लागली, आणि कवडीची पिसं झडायला लागली. मान उघडी, पाठ उघडी, शेपटी नावालाही नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं. विहिरीवर एक बाई म्हणाली की हिचं आता संपलं, आजच्या आज कापून टाक, उद्या आणखी वाळेल. सगळ्या ठकूकडे बघायला लागल्या.

ठकूने घागर खाली ठेवली. “जुनी गेल्याशिवाय नवी यायची कुठून?” ती म्हणाली. “मी थांबणार आहे.”

बाजूला वेणू दोर ओढत होती. ती नुसती हसली.

आणि ठकू थांबली. रोज सकाळी कवडीला भिजवलेली नाचणी नि चिमूटभर सुकी मासळी घालायची, रोज तिच्या अंगावरून डोळे फिरवायची, पण हात लावायची नाही. सहाव्या आठवड्यात मानेवर काटे उगवल्यासारखी बारीक टोकं दिसली. मग ती उघडली आणि त्यांतून निघाली नवी पिसं, पांढरीशुभ्र, त्यांवर काळेकुळकुळीत ठिपके, आईने डालग्यातून दिलेल्या पहिल्या कोंबडीसारखी अगदी. एके सकाळी ठकूने खुराड्यात हात घातला तर हाताला ऊन ऊन अंडं लागलं. ते पदरात धरून ती कुंपणाच्या वाटेने पळत सुटली, वेणूला दाखवायला. तेवढी घाई मात्र तिची शेवटपर्यंत गेली नाही.

तात्पर्य: अंगणात पिसं दिसली म्हणून कोंबडी मेली असं होत नाही, आणि माणूस गप्प राहिलं म्हणून ते चोर ठरत नाही. निवाडा करायची घाई झाली की आधी मनाशी एकवीस दिवस मोजावेत.